भुताच्या घराला दारं किती?

आमच्या सोसायटीची पाण्याची टाकी गळते. या एका वाक्यात सोसायटीचा पंचवीस वर्षांचा इतिहास आला. यंदा रौप्यमहोत्सव होता. तेव्हा आनंदमेळा भरवायचा आणि जमलेल्या पैशांतून टाकी दुरुस्त करायची असं ठरलं. भेळ, नेमबाजी, डोळे बांधून मडकं फोडणं ही नेहमीची यादी झाल्यावर कुणीतरी म्हणालं, "भूतबंगला करू या." त्याबरोबर सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला क्षणभर वाईट वाटलं. मग कळलं, की माझा भाचा आर्किटेक्ट आहे आणि तो फुकटात नकाशा काढून देईल, एवढाच त्या बघण्याचा अर्थ होता. मी खजिनदार आहे. 'फुकट' या शब्दाला मी सहसा विरोध करत नाही.

भाचा आला. खालची पार्किंगची जागा त्याने टेपने मोजली, चहा घेतला आणि म्हणाला, "मामा, चांगलं घर कसं बांधायचं हे शिकण्यात पाच वर्षं घालवली. आता ते सगळं उलटं करायचं."

दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये व्हिट्रुव्हियस म्हणून एक गृहस्थ होऊन गेले. इमारत बळकट हवी, सोयीची हवी आणि देखणी हवी, असं त्यांनी लिहून ठेवलंय. भाच्याच्या मते भूतबंगल्यातून यातली सोय तेवढी वजा करायची. मी म्हटलं, "मग वेगळा कशाला बांधायचा? आमचीच बी विंग दाखवू की." त्याने तिकडे लक्ष दिलं नाही. जे अॅपल्टन नावाच्या इंग्रज भूगोलतज्ज्ञाने 1975 साली एक पुस्तक लिहिलं. आपल्याला सगळं दिसावं, पण आपण कुणाला दिसू नये, अशी जागा माणसाला मनापासून आवडते, असं त्याचं म्हणणं. आता हे सांगायला पुस्तक कशाला हवं होतं कोण जाणे! आमच्या वाड्यातल्या एक काकू माडीच्या खिडकीत तांदूळ निवडत बसायच्या, त्या दुसरं काय करत होत्या? पण भाचा म्हणाला, भूतबंगला म्हणजे बरोबर याच्या उलट. तुम्ही उजेडात, कोपरा अंधारात. तो तुम्हाला बघतोय, तुम्हाला तो दिसत नाही. म्हणून बोळ सरळ ठेवायचाच नाही, दर पाच-सहा फुटांवर वळवायचा. आधी छत डोक्याला लागेल इतकं खाली आणायचं आणि मग एकदम उंच करायचं.

हे मला ओळखीचं वाटलं. आमच्या वाड्याच्या दिंडी दरवाजातून वाकून आत शिरावं लागे, पुढे अंधारा बोळ, आणि मग एकदम चौकातलं आभाळ. त्या आभाळाकडे पाहून दर वेळी हायसं वाटायचं. फरक इतकाच, की वाडा शेवटी आभाळ दाखवायचा आणि भूतबंगला हाडांचा सापळा.

भाचा अमेरिकेत शिकायला होता तेव्हा कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमधला भूतबंगला त्याने चार वेळा पाहिला. (फी आम्ही सर्वांनी मिळून भरली होती. ती कुठे गेली ते असं हळूहळू कळतं.) त्या बंगल्याचा बाहेरचा भाग 1963 साली बांधून झाला आणि आत माणसं गेली 1969 मध्ये. म्हणजे ताबा मिळायला सहा वर्षं भुतांनाही लागतात. घर बाहेरून पडकं दिसता कामा नये, हा वॉल्ट डिस्नेचा हट्ट होता, त्यामुळे बाहेरून अगदी स्वच्छ, पांढरं. आत गेलं की एका बंद खोलीत उभं करतात आणि खोली उंच उंच ताणत जाते. भिंतीवरची चित्रंसुद्धा लांब होतात. लोक किंचाळतात. वास्तविक ती एक लिफ्ट आहे. खरा खेळ ज्या इमारतीत आहे ती बागेच्या रेल्वेरुळांच्या पलीकडे पडली, तेव्हा माणसांना रुळांखालून नेणं भाग होतं. लोकांना तळघरात उतरवण्याची अडचण होती, तिचंच भय करून टाकलं! पुढे छोट्या गाड्यांत बसवतात. त्या गाड्या तुमचं तोंड त्यांना हवं तिकडे वळवतात. हे सांगताना भाच्याचे डोळे पाणावले. गिऱ्हाइकाचं तोंड हवं तिकडे वळवता येणं हे प्रत्येक आर्किटेक्टचं स्वप्न असावं. दिवाणखान्यात नाचणारी भुतं म्हणजे मोठ्या काचेत पडलेली प्रतिबिंबं. पेपर नावाच्या प्राध्यापकाने 1862 साली लंडनला दाखवलेली ही युक्ती अजून चालते आहे.

मग नकाशा आला. वळणं होती, बुटकी छतं होती, काचही होती. आणि दारं होती पाच. आत जायचं एक, बाहेर पडायचं एक, आणि मधल्या वळणांवर आणखी तीन. बाहेरच्या बाजूला उघडणारी, कडी नसलेली, आणि प्रत्येकापाशी टॉर्च घेतलेला एक मुलगा, ज्याने कुणालाही घाबरवायचं नाही. शिवाय एक बटण असं, की ते दाबलं की किंकाळ्यांची टेप बंद आणि सगळे ट्यूबलाइट चालू.

कमिटीत हशा पिकला. "भुताच्या घराला पाच दारं? मग भूत राहील कशाला?" अध्यक्ष म्हणाले. मी हिशेब केला. तीन दारांचं प्लायवुड, वर गेलेली जागा आणि न घाबरवणाऱ्या तीन मुलांचा वडापाव. मी लाल पेनाने तिन्ही दारं खोडली. खजिनदाराला याचसाठी निवडून देतात.

भाचा शांतपणे म्हणाला, "मग मी नाही." आणि त्याने एक हकीगत सांगितली. न्यू जर्सीतल्या एका मोठ्या बागेत चाकांवरचे ट्रेलर एकमेकांना जोडून भुतांचा किल्ला केला होता. 11 मे 1984 ला त्याला आग लागली. आत प्लायवुड आणि फोम. धुराची सूचना देणारी घंटा नाही, पाण्याचे फवारे नाहीत. आठ मुलं गेली, सगळी तरुण. अंधारात वाट चुकावी म्हणूनच जे बांधलं होतं, त्यात वाट चुकली. अशा जागी धूर दिसला तर तो खरा की खेळातला, हे तरी कुणी कसं ओळखावं? आता तिकडच्या नियमात एक कलम आहे. धूर लागला की गोंधळात टाकणारे आवाज आणि देखावे आपोआप थांबले पाहिजेत आणि बाहेरची वाट उजळली पाहिजे. म्हणजे खरी भीती आली की खोट्या भीतीने उठून तिला जागा द्यायची.

कमिटी गप्प झाली. पण निर्णय खजिनदारावर सोडला. कमिट्या हे नेहमी करतात.

पैसे घेऊन माणसाला घाबरवणं नीतीत बसतं का, हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता. जो वीस रुपये देतो तो घाबरायला राजी आहे, मग प्रश्न कसला? पण त्या रात्री झोप येईना. वाड्यातला माडीचा जिना भिंतीच्या पोटातून वर जायचा आणि वर तोंडाशी लाकडी झडप होती. मी अकरा वर्षांचा, धाकटी बहीण सातची. एका दुपारी ती जिना चढत असताना मी वरून झडप लावली, खालचं दार आधीच ओढून घेतलं होतं, आणि झडपेवर बसून भुताचा आवाज काढला. ती आधी हसली. हे मला नीट आठवतं. ती खेळायलाच आली होती. मग म्हणाली, "दादा, पुरे." मी उठलो नाही. किती वेळ? पाच मिनिटं असतील. तिचं हसणं संपलं तिथेच खेळ संपला होता, पण झडप माझ्याखाली होती, तिच्या हातात नव्हती. ती आज बासष्ट वर्षांची आहे. आमच्याकडे येते ती चार मजले चढून. लिफ्टचं विचारलं की "गुडघ्यांना व्यायाम" म्हणते. भाचा तिचाच मुलगा. त्याने त्या बैठकीत आईचं नाव काढलं नाही. त्याला ठाऊक आहे की नाही, हेही मी आजवर विचारलेलं नाही.

सकाळी मी खोडलेली दारं पुन्हा काढली. माझी रेघ सरळ येत नाही म्हणून भाच्याने ती पुसून परत काढली.

मेळा छान झाला. भूतबंगल्यापुढे रांग भेळेपेक्षा मोठी. संध्याकाळी बहीण आली. मी तिला रांगेपासून जरा दूर नेऊन म्हटलं, "मधे तीन दारं आहेत, ढकललं की उघडतात." ती म्हणाली, "मुलाने सांगितलंय," आणि तिकीट काढून आत गेली. मी खजिन्याची पेटी सोडून पहिल्या दारापाशी जाऊन उभा राहिलो. आतून किंकाळ्या येत होत्या. त्यांत तिची कुठली ते कळेना. पहिलं दार उघडलं नाही. दुसऱ्याशी गेलो. ते धाडकन उघडलं आणि ती बाहेर आली. घामाघूम, केस विस्कटलेले, आणि हसत होती.

"दादा, निम्माच पाहिला," ती म्हणाली, "निम्मे पैसे परत दे."

तिकीट परत घेतलं जाणार नाही, असा फलक मीच लिहिला होता. दहा रुपये मी खिशातून दिले. ती नोट पदराला बांधून भेळेच्या रांगेत जाऊन उभी राहिली. टाकी अजून गळते आहे.