तारण कोणी सोडवावे?

शास्त्रपाठ : लूक १९:१-१०



दिल्लीत यमुनेच्या पूर्वतीरावर मयूर विहार ही वसाहत आहे. तेथील आम्ही काही मराठी ख्रिस्ती कुटुंबे अधूनमधून कोणाच्या तरी घरी मराठीतून प्रार्थनेसाठी जमतो. अशाच एका संध्याकाळी, प्रार्थना आटोपून चहा चालला असता, एका वृद्ध गृहस्थांनी मला बाजूला घेतले. ते मूळचे नगर जिल्ह्यातले. नोकरीनिमित्त दिल्लीस आले व येथेच राहिले. ते म्हणाले, "चाळीस वर्षांपूर्वी जमिनीच्या कागदावर धाकट्या भावाची सही मी फसवून घेतली. त्यानंतर दशांश कधी चुकवला नाही. दोन अनाथ मुलांना शिकवले. एवढ्याने ते फिटले असेल का हो?"

मला तत्काळ उत्तर देता आले नाही.

आपल्या मराठीत 'तारण' हा शब्द पतपेढीच्या पाटीवर दिसतो आणि उपासनेतही ऐकू येतो. हे दोन अर्थ एकत्र आणणे कोशकारांना रुचो वा न रुचो, ज्याने घरची बांगडी कधी गहाण ठेवली आहे त्याला त्यांतील नाते सहज उमगेल. तिजोरीतल्या बांगडीचे सोने खोटे होत नाही, पण ती आपल्या घरी नसते. आणि दिवसागणिक व्याज चढत असते. बांगडी कितीही चकाकली तरी स्वतःला सोडवू शकत नाही. बाहेरून कोणी तरी येऊन रक्कम भरावी लागते. लेवीय २५ मध्ये, दारिद्र्यामुळे स्वतःस विकून घेतलेल्या इस्राएली मनुष्यास त्याच्या जवळच्या नातलगाने मोल देऊन सोडवावे, असा नियम आहे. परक्याला तो हक्क नव्हता. म्हणूनच देवाचा पुत्र देहधारी झाला, आपल्या रक्तामांसाचा नातलग झाला, आणि मग त्याने मोल भरले.

सत्कर्मांनी पाप फिटते असे असते, तर पंडिता रमाबाईंना कशाची उणीव होती? २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यापूर्वी लंडनजवळ फुलहॅम येथे धर्मभगिनी पतित स्त्रियांची सेवा कशा प्रेमाने करतात हे त्यांनी पाहिले होते, आणि योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा ऐकून त्यांचे अंतःकरण हलले होते. पुढे ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. ग्रंथ लिहिले, जगभर फिरल्या, निंदाही सोसली. इतके सर्व झाल्यावर त्या स्वतः साक्ष देतात की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळून आले की आपणास ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, परंतु त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त, तो अद्याप मिळालेला नाही. केवढे हे प्रामाणिक बोलणे! आपल्यापैकी कित्येकांना तर पाळण्यातच बाप्तिस्मा मिळाला, म्हणून हा प्रश्न स्वतःस विचारण्याची आपणास कधी गरजच वाटली नाही. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन उभे राहिले. त्याचे नाव पाहा. तेथे आलेल्या स्त्रीजवळ भरायला काहीच नव्हते. आणि आपणाजवळही काही नव्हते, हे रमाबाई जाणून होत्या.

मी त्या गृहस्थांना म्हणालो, "काका, ते फिटलेले नाही. आपल्याकडून फिटणारही नाही. ते वधस्तंभावर फेडले गेले आहे." त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर सुटकेचा भाव उमटला. मग हळूच म्हणाले, "म्हणजे आता भावाकडे जायला नको?"

बंधूंनो, ही समजूत आपल्या मंडळ्यांत फार सोयीची ठरली आहे. आकाशातल्या बापाने क्षमा केली, मग शेजारच्या माणसाचे तोंड कशाला पाहायचे! म्हणून मी त्यांना जक्कयाची गोष्ट पुन्हा वाचायला लावली. येशूने त्याला उंबराच्या झाडावरून खाली बोलावले, तेव्हा त्याने एक पैसाही परत केलेला नव्हता. त्या जकातदाराच्या घरी उतरण्याचे येशूने आधी ठरवले. चौपट परत देण्याची गोष्ट नंतर निघाली. ते चौपट तारणाची किंमत नव्हते. सुटलेल्या माणसाची मूठ आपोआप उघडली होती. आणि त्याने ते पैसे मंदिराच्या पेटीत टाकले नाहीत. ज्यांचे घेतले होते, त्यांनाच देऊ केले. काकांनी मात्र चाळीस वर्षे भावाचे देणे देवाच्या खात्यात भरले होते.

"आणि भावाने दारच उघडले नाही तर?" त्यांनी विचारले. जक्कयाच्या पैशांचा लोकांनी स्वीकार केला की नाही, हे लूक लिहीत नाही. मी तेवढेच सांगितले.

पुढच्या प्रार्थनेला काका नव्हते. काकूंनी सांगितले, जमिनीचे कागद पिशवीत घालून ते दोन दिवसांपूर्वीच गाडीने नगरला गेले आहेत. आम्ही त्या दोघा भावांसाठी प्रार्थना केली.