भाड्याचें घर सोडतांना

सुटीसाठीं चार दिवस भाड्यानें घेतलेलें घर सोडून जातांना पाहुण्यानें तें कितपत स्वच्छ करून जावें, हा प्रश्न मासिकाच्या पानांत चर्चा करण्याजोगा आहे असें प्रथमदर्शनीं कोणास वाटणार नाहीं. केर काढणें हा गृहव्यवस्थेचा विषय, नीतिशास्त्राचा नव्हे, असेंच बहुतेक म्हणतील. तथापि गेल्या कांहीं वर्षांत इंग्रजी बोलणाऱ्या देशांत ह्या प्रश्नावर कडाक्याचा वाद झाला असून, त्यांत दोन्ही पक्षांनीं न्यायाची, कराराची व माणुसकीची भाषा इतक्या मोकळेपणानें वापरली आहे कीं, तो नुसता केरसुणीचा वाद राहिलेला नाहीं. शिवाय लोणावळा, महाबळेश्वर, अलिबाग किंवा गोवा येथें सहकुटुंब जाऊन हॉटेलाऐवजीं संबंध बंगलाच घेण्याची चाल आपल्या मध्यमवर्गांतही रूढ झाल्यामुळें हा प्रश्न आतां आपल्या उंबऱ्याशीं येऊन ठेपला आहे.

वादाची पूर्वपीठिका थोडक्यांत अशी. सन २००७ मध्यें सॅन फ्रान्सिस्को शहरांत दोन तरुणांनीं घरभाडें भागविण्यासाठीं आपल्या बिऱ्हाडांत हवेच्या गाद्या टाकून तीन पाहुणे ठेवून घेतले. त्यांतूनच पुढल्या वर्षीं 'एअरबीएनबी' ह्या कंपनीचा उगम झाला. त्या वेळीं यजमान व पाहुणा एकाच छपराखालीं निजत. सकाळीं उठल्यावर आपलें अंथरूण गोळा करावें, चहाचा पेला विसळून ठेवावा, हें पाहुण्यास सांगण्याची गरज नव्हती. समोर माणूस असला म्हणजे संकोच आपलें काम आपोआप करतो. पुढें व्यवहार वाढला. संबंध घरें भाड्यानें जाऊं लागलीं, मालक परगांवीं राहूं लागला, किल्लीची जागा आकड्यांच्या कुलपानें घेतली, आणि यजमानाच्या ठिकाणीं भिंतीवर चिकटविलेली एक यादी तेवढी उरली. भाड्याखेरीज स्वच्छतेचा आकार म्हणून निराळी रक्कम घ्यावयाची आणि वर त्या यादींत चादरी काढून धुलाईच्या यंत्रांत घाला, भांडीं घासा, जमीन झाडा, असेंही फर्मावयाचें, हा प्रकार सुरू झाला तेव्हां पाहुणे चिडले. नोव्हेंबर २०२२ मध्यें कंपनीचे मुख्य चालक ब्रायन चेस्की ह्यांनाच जाहीर करावें लागलें कीं, चादरी काढणें, कपडे धुणें व यंत्रानें जमीन साफ करणें हीं कामें पाहुण्याकडून अपेक्षिणें गैरवाजवी होय. दिवे मालवावे, अन्न केरांत टाकावें व दारें लावून घ्यावीं, एवढें वाजवी. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगानें १२ मे २०२५ पासून, अशा मुक्कामाच्या जागांची किंमत सक्तीच्या आकारांसह आरंभींच दाखविली पाहिजे, असा नियम लागू केला. पण आयोगाचा नियम किंमतीपुरता आहे. घर सोडण्याच्या सकाळीं हात कोणाचे राबावे, हें तो सांगत नाहीं.

हा तंटा केवळ मालक व पाहुणा ह्या दोघांचा असता तर त्याचा निकाल देण्यास फार वेळ लागला नसता. ज्या कामाचे पैसे घेतले तेंच काम पैसे देणाऱ्याकडून करवून घेणें म्हणजे एकच माल दोनदां विकणें होय, आणि तें अन्यायाचें आहे. डेन्मार्कांत समुद्रकांठचीं उन्हाळी घरें भाड्यानें देतांना, शेवटची सफाई तुम्ही स्वतः करणार कीं पैसे देऊन करविणार, असें पुष्कळदां आधींच विचारून घेतात. दोहोंपैकीं एक. त्यांत लपवाछपवी नाहीं, म्हणून अपमानही नाहीं. आमच्या मतें मालकापुरता न्याय येथेंच संपतो.

परंतु ह्या व्यवहारांत तिसरें एक माणूस आहे, आणि दोन्ही पक्षांच्या युक्तिवादांत त्याचा उल्लेख क्वचितच सांपडतो. सकाळीं अकराच्या सुमारास एक कुटुंब घर सोडतें व दुपारीं दोन-तीनच्या सुमारास दुसरें कुटुंब तेथें पाऊल ठेवतें. ह्या मधल्या तीन-चार तासांत कोणी बाई येऊन सगळ्या खोल्यांच्या चादरी बदलते, न्हाणीघराच्या मोरींत अडकलेले केस बोटांनीं काढते, ओटा पुसते, फ्रिजांतील आंबलेलें दूध आणि अर्धी चिरलेली काकडी बाहेर काढते, आणि नव्या पाहुण्यांची मोटार फाटकांत शिरण्यापूर्वीं मागल्या दारानें निघून जाते. स्वच्छतेच्या आकारांपैकीं तिच्या हातीं किती पडलें, हें पावतीवर लिहिलेलें नसतें. आपल्याकडील बंगल्यांत ती रखवालदाराची बायको असते किंवा जवळच्या वाडींतून येणारी कोणी असते. आणि आपण तिला पहिल्या भेटींतच 'मावशी' म्हणूं लागतों. नातें इतक्या स्वस्तांत जोडणारा समाज दुसरा क्वचितच असेल!

'आम्ही पैसे मोजले आहेत' हें ह्या वादांतील ब्रह्मास्त्र समजलें जातें. तें वाक्य खोटें नाहीं. तें कोठपर्यंत पोंचतें एवढेंच पाहिलें पाहिजे. आपण परिटाकडे मळलेले कपडे देतों, त्याची आपणांस लाज वाटत नाहीं व वाटूंही नये. कपडा अंगावर घातला म्हणजे तो मळणारच, आणि त्या मळाचीच परीट मजुरी घेतो. परंतु आजारी मुलाच्या ओकारीनें भरलेला पंचा न विसळतां, एका शब्दानेंही न सांगतां, बोचक्याच्या मध्यभागीं दडपून देणाऱ्या गृहस्थाविषयीं आपण काय म्हणूं? त्यानेंही पैसे मोजलेले असतातच. मजुरी तीच, कपडा तोच. तरी येथें कांहीं तरी बिघडलें आहे हें कोणासही कळतें. बिघडलें तें इतकेंच कीं, दुसऱ्याचा हात त्या पंच्याला लागणार आहे ही गोष्ट त्यानें मनांत येऊं दिली नाहीं, किंवा आली असतां बाजूस सारली.

भाड्याच्या घराचेंही असेंच आहे. निजल्यानें चादर चुरगळते, समुद्रावरून आल्यावर पायांबरोबर वाळू येते, स्नानानें फरशी ओली होते. हा सर्व वापराचा मळ. त्याचे पैसे दिलेले आहेत व तो तसाच टाकून गेल्यास कोणीही मान खालीं घालण्याचें कारण नाहीं. मात्र रात्रीच्या मासळीचे कांटे सकाळपर्यंत उघड्या ताटांत ठेवून त्यांवर मुंग्यांची रांग लागूं देणें, गच्चीवर बाटल्या लोळत सोडणें, मुलांनीं भिंतीवर काढलेलीं चित्रें पलंग सरकवून झांकणें, हें वापरांत येत नाहीं. तान्ह्या मुलांचे टाकाऊ लंगोट व स्त्रियांच्या मासिक पाळींतील वस्तु ह्यांचा उल्लेख करण्यास संकोच वाटतो. पण त्या उघड्याच डब्यांत टाकण्यास ज्यांना संकोच वाटत नाहीं त्यांच्यासाठीं तो करणें भाग आहे. भारत सरकारच्या २०१६ सालच्या घनकचऱ्याच्या नियमांनीं त्या नीट गुंडाळून देण्याची जबाबदारी वापरणारावरच टाकली होती. कागदाच्या एका तुकड्याचें हें काम सांगण्यास राजपत्र लागावें, ह्यांतच काय तें आलें.

अधिक घाण म्हणजे अधिक काम व अधिक काम म्हणजे अधिक मिळकत, असाही एक युक्तिवाद ऐकूं येतो. तो अर्थशास्त्राच्या पुस्तकांत शोभेल. प्रत्यक्षांत बाईची मजुरी बहुधा घरामागें किंवा महिन्यामागें ठरलेली असते. जास्तीची घाण तिच्या पैशांत भर घालीत नाहीं, तिच्या वेळांतून वजा होते, आणि तो वेळ तिच्या पुढच्या घराचा किंवा तिच्या स्वतःच्या चुलीचा असतो. उलटपक्षीं अतिउत्साही पाहुण्याचेंही सर्वच करणें उपयोगाचें असतें असें नाहीं. गढूळ पाण्यानें पुसलेली फरशी पुन्हां पुसावी लागते. ओल्या टॉवेलांत गुंडाळून ठेवलेल्या कोरड्या चादरी वास धरतात, आणि चादर गादीवर असतांना जो डाग चटकन् दिसतो तो ढिगांत दिसत नाहीं. म्हणून काय करून ठेवूं, हें त्या बाईलाच विचारणें सर्वांत सोपें. पण आपण विचारतों मालकाला, आणि तोही फोनवर.

नॉर्वेच्या डोंगरांतील झोंपड्यांचें उदाहरण येथें मननीय आहे. तेथील पदयात्रिकांची मोठी संस्था १८६८ मध्यें स्थापन झाली, आणि तिच्या पुष्कळ झोंपड्यांत कोणीही नोकर नसतो. सभासद सामाईक किल्लीनें दार उघडतो, कोठारांतून डबाबंद अन्न घेतो व त्याचे पैसे स्वतःच हिशेब करून देतो. निघण्यापूर्वीं तो जमीन धुतो, लांकडें फोडून रचतो, पाणी आणून ठेवतो आणि आपला केर पाठीवर घालून खालीं नेतो. तोच मनुष्य शहरांतील भाड्याच्या घरांत चादरी काढण्याची यादी पाहून रागावत असेल, आणि आमच्या मतें दोन्ही ठिकाणीं त्याचें वागणें बरोबर आहे. डोंगरांत त्याचे श्रम कोणा मालकाच्या खिशांत जात नाहींत. रात्रीं अंधारांत, पावसांत भिजून जो कोणी येणार आहे त्याच्यासाठीं तीं लांकडें आहेत. काल संध्याकाळीं आपणांस तीं तयार मिळालीं, ती कोणाची कृपा होती हेंही त्याला ठाऊक असतें.

आपल्या देशांत मात्र ह्या प्रश्नाला एक जुनी गांठ आहे, ती सोडविल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. इंग्रजी अमदानींतील डाकबंगल्यांत साहेब आपलें अंथरूण बरोबर आणी. केर मात्र तेथेंच टाकून जाई, कारण झाडणारा माणूस बंगल्याबरोबर गृहीत धरलेला होता. पण हें खापर साहेबाच्या माथीं फोडून आपली सुटका नाहीं. १९०१ सालीं कलकत्त्यास काँग्रेसचें अधिवेशन भरलें, तेव्हां तेथील शौचकूपांची दुर्दशा गांधींनीं स्वयंसेवकांस दाखविली असतां, हें आमचें काम नव्हे, झाडूवाल्याचें आहे, असें उत्तर त्यांना मिळालें; तेव्हां त्यांनीं झाडू मागून घेतला व स्वतः सफाई केली. देशाच्या प्रश्नांचा विचार करण्यास जमलेल्या मंडळींचें तें उत्तर होतें. आपल्या महाराष्ट्रांत गाडगे महाराज (१८७६–१९५६) ज्या गांवीं कीर्तनास जात तेथें आधीं हातीं खराटा घेऊन गांव झाडीत. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथें त्यांनीं धर्मशाळा उभारल्या. ज्यानें गरीब यात्रेकरूला छप्पर दिलें त्यानेंच आपल्या हातांतील खराटा शेवटपर्यंत टाकला नाहीं, ही गोष्ट आम्हांस योगायोगाची वाटत नाहीं.

'पैसे दिले आहेत' हें वाक्य अमेरिकन पाहुण्याच्या तोंडीं कराराचें असतें. आपल्या तोंडीं त्याखालीं दुसरें एक वाक्य पुष्कळदां दबलेलें असतें: हें काम करणारी माणसें वेगळीं आहेत. पैसे नव्हते तेव्हांही तें दुसरें वाक्य होतेंच. म्हणून ज्या गृहस्थास करार पाळावयाचा असेल त्यानें अवश्य पाळावा. पण आपण नेमकें कोणतें वाक्य बोलत आहों, हें त्यानें एकदां स्वतःशीं तपासून पाहावें.

ह्याच ठिकाणीं घरांतल्या घरांतही एक वांटणी आहे. बंगला सोडण्याच्या सकाळीं पुरुषमंडळी मोटारींत सामान बसविण्याच्या खटपटींत असतात, मुलें झोपाळ्यावर शेवटचे झोके घेत असतात, आणि घरची आई केरसुणी शोधीत असते. 'अहो आई, राहूं द्या ना, पैसे दिलेत आपण,' असें सून म्हणते. 'असूं दे ग, बरें दिसत नाहीं,' असें म्हणत ती तरीही ओटा पुसते. ह्या बाईच्या वागण्यास आम्ही सद्गुण म्हणावें कीं जन्मभर अंगीं बाणवलेली सक्ती म्हणावें? दोन्ही आहे. ज्या हातांना वर्षांतले तीनशें साठ दिवस ओटा पुसावा लागतो त्यांच्या सुटीचा शेवटही ओटा पुसण्यांत व्हावा, हें आम्हांस मान्य नाहीं. येणाऱ्या बाईचा भार हलका करावयाचा तर तो घरच्या बाईवर लादून करूं नये. प्रत्येकानें आपलें ताट आपण उचलून खरकटें काढून ठेवलें, मुलांनीं बाटल्या गोळा केल्या, कर्त्या पुरुषानें केराची पिशवी बांधली, तर पंधरा मिनिटांत काम आटोपतें व आई झोपाळ्यावर बसूं शकते. मोटारींतील सामान तेवढा वेळ थांबतें.

राहतां राहिली फुटलेल्या वस्तूंची गोष्ट. अनामत रक्कम कापली जाईल ह्या भीतीनें पेला फुटल्याचें सांगितलें जात नाहीं. कांचा घाईनें केराच्या पिशवींत सारल्या जातात, वर भाजीचीं सालें पडतात व पिशवी चांगली दिसते. मालकाचें नुकसान फार तर शंभर रुपयांचें. पण दुपारीं ती पिशवी उचलणारी बाई तिचें तोंड बांधण्यासाठीं ती हातानें दाबते. कांचा जुन्या वर्तमानपत्राच्या चार घड्यांत बांधाव्या, पिशवींत न घालतां बाजूस ठेवाव्या, आणि वर कांच आहे असें मोठ्या अक्षरांत लिहावें. तिला वाचतां येत नसेल तर निघतांना रखवालदारास तोंडीं सांगावें, आणि पेल्याचे पैसे मागितल्यास द्यावे.