नाव एकाचं, घाव दुसऱ्याचा

पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यातल्या एका गावात एक मजूर आणि त्याची म्हातारी माय राहत होती. विहिरीचं पाणी खारट. म्हणून माय नाल्यातल्या झिऱ्याचं गोडं पाणी भरून आणायची.

मजुराला एचआयव्ही होता. 2004 पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागलेल्या गोळ्या त्यानं नुकत्याच सुरू केल्या होत्या. तेवढ्यात हगवण लागली. आठवडे गेले, थांबेना. अंगावरचं मांस झडलं. गाव म्हणालं, "थो रोगच तसा हाय. आता काय उरलं?" मजुरालाही ते पटलं. त्यानं गोळ्या सोडल्या आणि अंथरूण धरलं.

मायला रोगाचं नाव धड घेता येत नव्हतं. ती म्हणाली, "थो रोग रगतात हाय म्हनतात. मंग पोटात काय हाय, थे तं पाहू दे." तिनं त्याला एसटीत बसवून अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

शौचाच्या साध्या तपासणीत काही सापडलं नाही. डॉक्टरांनी खास रंग वापरून पुन्हा तपासायला सांगितलं. तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली लालसर, लांबट कण दिसले. तो आयसोस्पोरा नावाचा परजीवी होता.

डॉक्टर म्हणाले, "माय, हा जीव घाणेरड्या पाण्यातून, अन्नातून पोटात जातो. धडधाकट माणसाला थोडे दिवस छळून निघून जातो. याची ताकद कमी पडली, म्हणून इथं मुक्कामाला राहिला. पण याच्यावर औषध आहे, आणि ते स्वस्त आहे. एचआयव्हीच्या गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत. अंगात बळ नसलं, तर हा परत येतो. आणि पाणी उकळून द्या. तुरटीनं गाळ बसतो, जीव मरत नाही."

मायनं त्याला ते औषध दिलं आणि त्या दिवसापासून पाण्याला खळखळून उकळी आणली. हगवण थांबली. मजुरानं गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि कापूस वेचणीला तो शेतात गेला.

पुढं शेजारच्या गावातली एक बाई रडत आली. तिच्या नवऱ्याचंही तसंच झालं होतं. माय म्हणाली, "रडू नोको वं बाई. आंधी तपासून घे."

मोठ्या रोगाचं नाव एकदा माणसाला चिकटलं, की त्याचं प्रत्येक दुखणं आपण त्याच खात्यावर मांडतो आणि शोधणं थांबवतो. पुष्कळदा माणूस बऱ्या होणाऱ्या दुखण्यानं जातो, कारण ते कुणी शोधलेलंच नसतं.