तेराव्यानंतरची सेवा



तेरावा झाला. पाहुणे आपापल्या गावी परतले. घरात उरली फोटोपुढची समई आणि कपाटातली एक फाइल. त्या फाइलीत पासबुक आहे, विम्याचा कागद आहे, घरपट्टीची पावती आहे. ज्यांच्या नावावर हे सगळे आहे, ते मात्र आता नाहीत. तुमच्यापैकी अनेकांनी ती फाइल उघडून परत मिटली असेल. ‘बाबांना जाऊन पंधरा दिवसही झाले नाहीत आणि मी पैशांचे कागद चाळतोय,’ असे मनात येऊन स्वतःचीच लाज वाटली असेल.

ही लाज प्रेमातून येते, म्हणून तिला दोष देऊ नका. पण तिचे ऐकून फाइल मिटूनही ठेवू नका. देहाला आपण विधीपूर्वक निरोप दिला. माणूस मात्र मागे देह एवढाच ठेवून जात नाही. तो नाव ठेवतो, देणी ठेवतो, दिलेले शब्द ठेवतो आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे ठेवतो. हे सगळे नीट मार्गी लावणे हीदेखील त्याचीच सेवा आहे.

गीतेची सुरुवात शोकातूनच होते, हे आठवा. अर्जुनाचे अंग कापते, गांडीव हातातून निसटते. श्रीकृष्ण त्याचे सगळे दुःख ऐकून घेतात, पण समोर आलेले कर्म टाकू देत नाहीत. कर्म कर, फळाची आसक्ती सोड, असे सांगतात. मृत्यूनंतरचे कागद ही त्याच शिकवणीची घरातली परीक्षा आहे.

काय लगेच करावे

पहिले काम मृत्यूच्या नोंदणीचे. कायद्याप्रमाणे मृत्यूची माहिती २१ दिवसांच्या आत द्यायची असते. मृत्यू रुग्णालयात झाला तर ती रुग्णालयाने कळवायची, घरी झाला तर घरच्यांनी. नोंद होते ती मृत्यू जिथे झाला त्या ठिकाणी, मूळ गावी नव्हे. बाबा मूळचे साताऱ्याचे, पण मुलाकडे हैदराबादला गेले, तर दाखला हैदराबादचाच मिळेल. वर्ष उलटले तर अधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो, म्हणून हे काम सुतकातही थांबवू नका. दाखल्यावरचे नाव आधार कार्डाशी आणि पासबुकाशी अक्षरशः जुळते का, ते तिथेच तपासा. एका अक्षराचा फरक पुढे महिनोन्‌महिने खेटे घालायला लावतो. दाखल्याच्या सात-आठ प्रती जवळ ठेवा.

मग शांतपणे बसून एक यादी करा. बँक, पोस्ट, विमा, भविष्यनिर्वाह निधी, पेन्शन, घर, शेत, वाहन, कर्ज. गेलेल्यांचा मोबाइल नंबर घाईने बंद करू नका. बँकेचे आणि विम्याचे संदेश त्यावरच येतात आणि काय कुठे आहे ते त्यातून उमगते.

पासबुकात दरवर्षी ४३६ रुपये किंवा २० रुपये वजा झालेले दिसतात का, तेही बघा. पहिली रक्कम जीवनज्योती विमा योजनेची असते, दुसरी अपघाती मृत्यूसाठीच्या सुरक्षा विमा योजनेची. दोन्हींत वारसांना २ लाख रुपये मिळू शकतात. किती घरांत हे कुणाला ठाऊकच नसते! नोकरीत असताना मृत्यू झाला असेल, तर भविष्यनिर्वाह निधीबरोबर विम्याची रक्कम आणि पत्नीची पेन्शन मिळते का, हे कार्यालयात विचारा. विचारण्यात संकोच नको. जो गेला, त्याने दरमहा आपल्या घामातून ते बाजूला ठेवले होते, ते तुमच्यासाठीच.

शेत असेल तर महाराष्ट्रात तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसनोंदीसाठी कळवायचे असते. मध्य प्रदेशात हेच काम पटवाऱ्याकडे असते. राज्य बदलले की कार्यालयाचे नाव बदलते, कर्तव्य तेच राहते.

काय थांबून करावे

घर विकायचे का, आईने कुणाकडे राहायचे, दागिन्यांचे काय, शेत कुणी करायचे, हे मात्र लगेच ठरवू नका. दुःखाने मन ढवळलेले असते आणि ढवळलेल्या पाण्यात तळ दिसत नाही. काही महिने जाऊ द्या. नातेवाईक कितीही घाई करोत, नम्रपणे सांगा, ‘आई सावरली की आम्ही सगळे मिळून बसू.’

नाव माझे, मालकी नव्हे

आता खरी परीक्षा. खात्यावर नॉमिनी म्हणून तुमचे नाव आहे. कागद पूर्ण असतील तर बँकेने पंधरा दिवसांत पैसे द्यावेत असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. पैसे तुमच्या हातात येतात. ते तुमचे झाले का?

नाही. बँकेच्या खात्यावरचा नॉमिनी पैसे स्वीकारतो ते वारसांच्या वतीने. शेअर्सच्या बाबतीतही नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले.

इथे भरत आठवावा. कैकेयीच्या वरामुळे अयोध्येचे राज्य भरताच्या नावावर आले होते. वडील गेले होते, भाऊ वनात होता, अडवणारे कुणी नव्हते. त्याने वडिलांचे उत्तरकार्य केले, चित्रकूटला जाऊन रामाच्या पादुका आणल्या, त्या सिंहासनावर ठेवल्या आणि स्वतः नंदिग्रामात राहून चौदा वर्षे कारभार पाहिला. राम परतला तेव्हा त्याने कोठारे आणि खजिना दहापट वाढवून परत केला. कारभार पूर्ण केला, मालकी मात्र कणभरही घेतली नाही.

फाइल हातात घ्याल तेव्हा स्वतःला एवढेच विचारा : मी आत्ता भरत आहे का?

भरत असाल, तर गेलेल्यांचे एटीएम कार्ड वापरून ‘थोडे पैसे काढून ठेवू’ असे करणार नाही. पिन माहीत असणे म्हणजे अधिकार नव्हे. त्यांच्या नावाची सही करणार नाही. प्रत्येक रक्कम वहीत लिहाल आणि ती वही सर्वांसमोर उघडी ठेवाल. हिशेब उघडा असला की संशयाला घरात शिरायला जागाच राहत नाही.

आईची सही, बहिणीची सही

मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पुरुषाच्या मागे त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई यांना सारखा वाटा मिळतो. मुलगी लग्न होऊन गेली म्हणून तिचा वाटा जात नाही. मुलगा गेला आणि त्याची म्हातारी आई हयात असेल, तर तिचाही वाटा आहे. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या त्या आजीला हे कुणी सांगते का?

अनेक घरांत दहाव्या-बाराव्या दिवशी बहीण माहेरी आलेलीच असते, म्हणून तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. रडून तिचे डोळे सुजलेले असतात आणि ती न वाचता सही करते. साधकहो, हे करू नका आणि होत असेल तर थांबवा. बहिणीला हक्क सोडायचा असेल तर ती स्वखुशीने, कागद वाचून, समजून घेऊन, नंतर सवडीने सोडेल. तिचा निर्णय तिचा. पण शोकाच्या आडून घेतलेली सही नोंदणी कार्यालयात चालली, तरी अंतःकरणात चालत नाही. पुढच्या दिवाळीत भाऊबीजेचे ताट रिकामे राहिले, तर त्या जमिनीचे काय करणार?

आईला ‘इथे सही कर’ एवढेच सांगू नका. तिच्या शेजारी बसा. कागद वाचून दाखवा. तिचे स्वतःचे खाते आहे का, पेन्शन तिच्याच खात्यात येते का, ते बघा. दानधर्म नंतर, आधी हे.

कागदावर नसलेले ऋण

कायदा सांगतो की वडिलांच्या कर्जासाठी वारस जबाबदार असतो तो मिळालेल्या मालमत्तेपुरताच. म्हणून वसुलीला आलेल्या कुणाच्या दमदाटीला घाबरून स्वतःचे घर गहाण टाकू नका. आधी कागद मागा.

पण एखादा शेजारी संकोचत येतो. ‘तुमच्या बाबांनी मागच्या वर्षी पाच हजार हातउसने घेतले होते. कागद नाही. राहू द्या,’ म्हणतो. तिथे कायदा गप्प असतो. बाबांना आणि त्या माणसाला तुम्ही ओळखता. मनाला खरे वाटले आणि ऐपत असली, तर देऊन टाका. पिंडाला कावळा शिवण्याची आपण वाट पाहिली होती. त्यांच्या माघारी हे ऋण फेडले, तर आपलेच मन निवते.

आज संध्याकाळी

दुसऱ्याचे कागद आवरताना एक गोष्ट कळते : आपलीही फाइल अशीच कुणीतरी उघडणार आहे. तेव्हा त्याला त्रास होऊ नये, एवढी दया आजच करता येते. खात्यांवर नॉमिनी आहे का ते बघा. मृत्युपत्र लिहा. साध्या कागदावरही ते चालते. तुमची सही हवी आणि दोन साक्षीदारांनी ती पाहून स्वतःच्या सह्या केलेल्या हव्यात. कुठे काय आहे याची एक पानाची यादी करून ती घरातल्या एकाला तरी दाखवा.

आणि ज्यांच्या घरी ती फाइल अजून मिटलेली आहे, त्यांनी आज समई लावावी, पाच मिनिटे शांत बसावे, फोटोला नमस्कार करून एवढेच म्हणावे, ‘तुमचे सोपवलेले काम करतो आहे. माझ्या हातून कुणाचा वाटा चुकू नये.’ मग पहिला कागद बाहेर काढावा. डोळे भरून आले तर येऊ द्यावेत. पुसून पुढचा कागद घ्यावा.