टेकाडाचा उरलेला भाग

चंदीगडला भूतकाळ नाही, असे येथे येणारा मराठी पाहुणा आम्हांस हटकून सांगतो. ल कॉर्ब्युझिएने आखलेल्या या नगराविषयी आम्हीही पूर्वी तसेच बोलत असू. परंतु सेक्टर १७ मधील बाजारपेठ उभारताना जमिनीखालून हडप्पाकालीन अवशेष निघाले होते, हे समजल्यापासून आमची जीभ आवरली आहे. आता पाहुण्यांना आम्ही सतलजकाठच्या रोपडला नेतो.

आपल्याकडच्या पांढरीसारखेच ते टेकाड. काही भागावर आजचे शहर चढलेले. वाय. डी. शर्मा यांनी १९५२ ते १९५५ या काळात तेथे उत्खनन केले. तळाशी हडप्पाकालीन वस्ती, मग काही काळ ओसाडी, मग चित्रित करड्या खापरांचा थर, आणि असे चढत चढत थेट मध्ययुगापर्यंत. “मग सगळेच का नाही खणले?” असे परवाच्या पाहुण्यांनी विचारले.

उपसलेला थर पुन्हा जागी ठेवता येत नाही. म्हणून जाणता संशोधक आधी चाचणीचा चर घेतो आणि पुष्कळदा तेवढ्यावरच थांबतो. नाशिकला गोदाकाठच्या मातीच्या गढीवर १९५०-५१ साली सांकळिया आणि देव यांनी खणले, तेही गढीचा काही भागच. रोपडच्या एका दफनात माणसाच्या खाली कुत्रा पुरलेला आढळला. तो धन्यासाठी मारला गेला, की आधीच मेला होता? त्या काळी भारतात कार्बन-१४ मोजणारी प्रयोगशाळा नव्हती. प्राचीन हाडांतून वंशाचा माग काढण्याची विद्या तर जगात कोठेच नव्हती. आज ती आहे, परंतु त्या हाडांभोवतालची माती एकदाच उपसता येते.

तरी न खणणे म्हणजे पुण्यच, असे आम्ही म्हणणार नाही. टेकाडावर माणसे राहतात. त्यांना घर बांधावयाचे असते. उद्या जन्मणाऱ्या पंडितासाठी आज कोणी छपराविना राहावे, हे आम्हांस मान्य नाही. पाया खणावाच लागणार असेल, तर त्याआधी तेथे उत्खनन व्हावे, घाईने का होईना. आमचे कुतूहल मात्र कोणाचे छप्पर नव्हे. त्याने एका चरावर समाधान मानावे.

“म्हणजे आपल्या पिढीने अज्ञानातच मरावे काय?” पाहुणे किंचित रागानेच म्हणाले. प्रश्न खोटा नव्हता. त्या कुत्र्याचे काय झाले, हे जाणून घ्यावयाची इच्छा आम्हांसही आहे, आणि आमचे वयही आता झाले आहे. होय, मरावे, असे आम्ही म्हणालो. चंदीगड येईपर्यंत ते आमच्याशी फारसे बोलले नाहीत.