पोचवणाऱ्याचा धर्म

पत्र पेटीत टाकलं की आपलं काम संपलं, पुढचं त्याच्या हाती, असं आपण म्हणतो आणि त्याला गीतेचा आधार देतो. वर्ध्याजवळ गोपुरीच्या गीताई मंदिरात गेलो की तिथे शिळांवर कोरलेल्या गीताईतल्या दुसऱ्या अध्यायातल्या सत्तेचाळिसाव्या श्लोकापाशी मी हटकून थांबतो. कर्मावर अधिकार आहे, फळावर नाही. माझी सारी नोकरी टपाल खात्यात गेली, म्हणून असेल, पण मला तिथे एकच प्रश्न पडतो. हा उपदेश पत्र लिहिणाऱ्याला आहे, की मधल्या माणसालाही?

२३ जुलै १९३९ ला गांधीजींनी हिटलरला पत्र लिहिलं. माथ्यावर पत्ता वर्ध्याचा. मजकूर मोजक्या ओळींचा: मित्र कधीचे आग्रह करत होते, पण आपण लिहिणं आगाऊपणाचं होईल असं वाटत होतं, तरी जगाला रानटी अवस्थेत ढकलणारं युद्ध टाळू शकेल असे आज तुम्हीच आहात, लिहिण्यात चुकलो असेन तर क्षमा कराल. चाळीस दिवसांनी जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या. ते पत्र सरकारनं पुढे जाऊच दिलं नाही. २४ डिसेंबर १९४० च्या दुसऱ्या, बऱ्याच मोठ्या पत्राचीही तीच गत झाली.

कागदावर मात्र त्या काळी डाकेचा मान मोठा होता. १८७४ च्या बर्न करारातून जागतिक टपाल संघ उभा राहिला आणि १८७६ मध्ये हिंदुस्थान त्यात आला. टपालापुरता सगळ्या सभासद देशांचा मुलूख एकच, हे त्याचं मूळ सूत्र. १८९१ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटनं डाकेच्या जहाजांसाठी वेगळा कायदा केला. परदेशांशी तसा करार असेल आणि कंपनीनं तारण भरलं असेल, तर दिवाणी दाव्यापायी असं जहाज बंदरात अडकवायचं नाही. १९०७ च्या हेग करारानं तर भर युद्धातही, नाकेबंदी मोडण्याचा प्रकार सोडला तर, समुद्रावरची पत्रं अभंग ठरवली. पत्र शत्रूचं असलं तरी जहाज पकडणाऱ्यानंच ते लवकरात लवकर पुढे धाडायचं. पहिल्या महायुद्धात ब्रिटननंच तटस्थ जहाजांवरच्या थैल्या उतरवून तपासल्या आणि १९१६ मध्ये अमेरिकेनं त्याचा निषेध केला. इकडे १८९८ च्या टपाल कायद्यातल्या २६ व्या कलमानं सार्वजनिक सुरक्षिततेसाठी कुठलंही पत्र अडवायची मुभा सरकारनं घेऊनच ठेवली होती.

गांधीजींचं कर्म लिहिण्याबरोबर पुरं झालं, असं मी मानतो. ज्याला उद्देशून लिहिलं त्यानं वाचलं नाही, म्हणून खरं बोलणं वाया जात नाही. पण फळाची आस सोडणं म्हणजे पत्राची फिकीर सोडणं नव्हे. ते राहत त्या वर्ध्याजवळच्या सेगावची पत्रं नावातल्या सारखेपणामुळे शेगावला जायची, म्हणून त्यांनी १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम करून घेतलं. अनासक्तीवर लिहिणारा हा माणूस पत्र पोचावं म्हणून गावाचं नावही बदलतो.

आणि मधला माणूस? सॉर्टिंगच्या टेबलावर थैली आली की आधी तोंडाची सुतळी, लेबल आणि लाखेचं सील पाहायचं, मगच ती कापायची. आतल्या पत्रांत काय आहे, हे आपण विचारायचं नाही. पत्र पोचणं हे लिहिणाऱ्याच्या दृष्टीनं फळ आहे. पोचवणाऱ्याचं ते कर्मच आहे. त्यानं फलत्याग म्हणून त्यावर पाणी सोडलं, तर त्याच्यापाशी उरलं काय? ‘मी फक्त हुकूम पाळला’ म्हणणाऱ्याला गीतेत आसरा नाही.

एखादं पत्र थांबवणं हाच धर्म ठरेल, अशी वेळ येते, हे मला मान्य आहे. त्यासाठीची रीत पोस्टमनला ठाऊक आहे. बटवडा झाला नाही तर तो पाकिटावर कारण लिहितो, ‘घेण्यास नकार’, ‘पत्ता सोडून गेले’, आणि खाली तारीख घालून सही करतो. अडवणाऱ्यालाही एवढंच बंधन हवं. २०२३ च्या नव्या टपाल कायद्यातही नवव्या कलमात अडवण्याचा अधिकार आहे, म्हणून हा प्रश्न आजचाच आहे. लिहिणाऱ्याला फळ सोडता येतं, कारण तो स्वतःचं सोडतो. अडवणारा दुसऱ्याच्या कर्माला हात घालतो. त्या पत्राअभावी जे घडेल ते त्यानं आपल्या नावावर घेतलंच पाहिजे.