स्मरण हीच पहिली पोथी

सर्वज्ञ श्रीचक्रधरप्रभूंनी उत्तरापंथे गमन केल्यावर आचार्य श्रीनागदेव रिद्धपुरी नित्य लीळांचे स्मरण करीत. एखादे श्रीमुखीचे वचन आठवावे आणि त्यामागून स्थान, प्रसंग, चेष्टा मनापुढे उभी राहावी! त्या स्मरणातूनच पंडित म्हाइंभटांना लेखनाची प्रेरणा झाली. ज्यांच्यापुढे लीळा घडली त्यांना गाठून, विचारून त्यांनी लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे खालशाच्या धाडीत मूळ पोथी गेली. तेव्हा मुखोद्गत लीळांवरूनच पाठ पुन्हा सिद्ध झाले.

आज मुद्रित ग्रंथ घरोघरी आहेत, आणि पाठांतर मात्र सुटत चालले आहे. साधकहो, ग्रंथ फडताळात राहतो; अंतकाळी हृदयी वसलेले वचनच सोबत येते. यास्तव नित्य एक तरी लीळा मुखोद्गत करावी. दंडवत प्रणाम.